जुलाब केमोथेरपीचे आणि जुलाब इम्युनोथेरपीचे

कर्करोगाच्या उपचारांत जुलाब होणे ही इतकी परिचित तक्रार आहे की ती ऐकताच जुलाब थांबवणारी लोपेरामाइडची गोळी पुढे केली जाते. केमोथेरपी घेणाऱ्या रुग्णाला डॉक्टरांनी तसे आधीच सांगून ठेवले असेल, तर त्यात वावगे काही नाही. इम्युनोथेरपी घेणाऱ्याच्या बाबतीत मात्र हीच गोळी आजाराची तीव्रता झाकून टाकू शकते.

केमोथेरपीची औषधे झपाट्याने विभागणाऱ्या पेशींवर घाव घालतात, आणि आतड्याचे अस्तरही अशाच पेशींमुळे सतत नवे होत असल्याने त्याची झीज भरून येईनाशी होते. हे नुकसान थेट औषधामुळे झालेले असते, त्यामुळे जुलाब बहुधा डोसनंतरच्या काही दिवसांत लागतात आणि अस्तर पुन्हा भरून आले की ओसरतात. इथे मोठी धास्ती असते ती पांढऱ्या पेशी घटलेल्या असताना होणाऱ्या संसर्गाची. जुलाबांसोबत ताप आला, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

इम्युनोथेरपीच्या औषधांपैकी इपिलिमुमॅबला अमेरिकेत 2011 मध्ये, तर पेम्ब्रोलिझुमॅब आणि निवोलुमॅब यांना 2014 मध्ये मान्यता मिळाली. ही औषधे कर्करोगाच्या पेशीला स्वतः मारत नाहीत. ती रोगप्रतिकारक टी पेशींवरचा लगाम सैल करतात. मोकळ्या सुटलेल्या या पेशी कधीकधी शरीराच्याच निरोगी अवयवांवर उलटतात, आणि मोठे आतडे त्यांच्या तावडीत सापडले की त्याला दाह होतो. या दाहाला डोसच्या दिवसांचे वेळापत्रक नसते. तो बहुतेकदा उपचार सुरू झाल्यानंतर काही आठवड्यांनी दिसतो, पण महिन्यांनी, किंबहुना औषध बंद केल्यानंतरही उद्भवू शकतो. केस गळत नाहीत, उलट्या फारशा होत नाहीत, म्हणून हे उपचार सौम्यच, अशी जी समजूत होते ती इथे नडते, कारण जुन्या उपचाराशी आजच्या जुलाबांचा संबंध कोणी जोडत नाही.

तीव्रता मोजताना रुग्णाच्या नेहमीच्या सवयीपेक्षा दिवसातून किती वेळा जास्त शौचास जावे लागते, हे पाहतात. वाढ चारपेक्षा कमी असेल तर त्रास सौम्य, चार ते सहा असेल तर मध्यम, सात किंवा अधिक असेल तर तीव्र मानतात. शौचातून रक्त किंवा आव पडणे आणि पोटात कळा येणे ही दाहाची लक्षणे असल्याने ती दिसल्यावर आकड्याची वाट पाहायची नसते. शौचाच्या तपासणीत आधी संसर्ग नाही ना, हे पडताळतात. गरज वाटल्यास दुर्बिणीने आतडे पाहून अस्तराचा छोटा तुकडा काढून तपासतात.

मध्यम त्रासापासून पुढे इम्युनोथेरपीचा डोस थांबवून दाह शमवणारे स्टेरॉइड देतात. प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडची मात्रा साधारणपणे वजनाच्या प्रत्येक किलोमागे दररोज 1 ते 2 मिलिग्रॅम असते. काही दिवसांत उतार पडला नाही, तर इन्फ्लिक्सिमॅब किंवा व्हेडोलिझुमॅब ही दाह आवरणारी दुसरी औषधे वापरतात, आणि इन्फ्लिक्सिमॅब देण्यापूर्वी क्षयरोग व हेपेटायटिस बी यांची तपासणी करतात. बरे वाटू लागल्यावर स्टेरॉइड एकदम सोडणे ही रुग्णाच्या हातून होणारी सर्वांत महागात पडणारी चूक ठरू शकते, कारण दाह उसळून येतो. मात्रा चार ते सहा आठवड्यांत हळूहळू उतरवावी लागते.

दोन्ही उपचार एकत्र चालू असतील, तर लक्षणांवरून निवाडा करणे डॉक्टरांनाही अवघड जाते आणि तपासण्यांवरच भिस्त ठेवावी लागते. पुढच्या डोसचा हिशेबही निराळा आहे. केमोथेरपीची मात्रा कमी करून उपचार चालू ठेवता येतात. इम्युनोथेरपीत मात्र त्रासामुळे मात्रा घटवण्याची रीत नाही, औषध काही काळ थांबवतात किंवा कायमचे बंद करतात. तीव्र दाहानंतर इपिलिमुमॅब सहसा पुन्हा देत नाहीत, तर निवोलुमॅबसारखे औषध दाह पूर्ण शमल्यावर पुन्हा सुरू करण्याचा विचार होऊ शकतो.