ईसीओच्या यादीची पार्श्वभूमी: ट्रेसिंगपासून सॉफ्टवेअरपर्यंत

हिंगणा किंवा बुटीबोरी एमआयडीसीतल्या एखाद्या शॉपमध्ये ब्रॅकेटचं भोक 12 मिमीवरून 14 मिमी करायचं ठरलं, असं समजा. स्टोअरमध्ये 12 चे 240 नग तयार पडलेत, त्यांचं काय करायचं? जॉबवर्कला गेलेल्या लॉटचं कोण बघणार? ड्रिल जिग, म्हणजे ड्रिलला नेमकी जागा दाखवणारा साचा, कधी बदलायचा? आणि विकलेल्या मशिनला दोन वर्षांनी सुटा भाग लागला, तर कोणता पाठवायचा? इंजिनिअरिंग चेंज ऑर्डर, म्हणजे ईसीओ, या साऱ्याचा निर्णय लेखी करते. प्रकल्पातल्या अशा सगळ्या ऑर्डरी एकत्र दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमधले रकाने मात्र एका दिवसात ठरलेले नाहीत.

इंग्लिश शास्त्रज्ञ जॉन हर्शेलने 1842 मध्ये ब्लूप्रिंटची, म्हणजे ड्रॉइंगची निळ्या कागदावर प्रत काढण्याची, रीत शोधली. पुढे तिची जागा अमोनिया प्रिंटने घेतली. मूळ ट्रेसिंगवर, म्हणजे ज्यावरून प्रिंट काढायच्या त्या पारदर्शक कागदावरच्या ड्रॉइंगवर, बदल करताना ड्राफ्ट्समन जुनी शाई ब्लेडने खरवडायचा, नवी रेघ मारायचा आणि कोपऱ्यातल्या तक्त्यात रेव्हिजनचं अक्षर, तारीख आणि सही टाकायचा. अमेरिकी मानकात या अक्षरांतून आय, ओ, क्यू, एस, एक्स आणि झेड वगळलेली आहेत. आय 1 सारखा, ओ शून्यासारखा, एस 5 सारखा वाचला जातो, आणि तेलकट झालेल्या प्रिंटवर तर हमखास. खरी अडचण वेगळीच होती. ट्रेसिंग सुधारली तरी शॉपवरच्या जुन्या प्रिंट तशाच राहायच्या. शिवाय प्रत्येक ड्रॉइंगचा इतिहास त्या ड्रॉइंगपुरताच. प्रकल्पात एकूण किती बदल झाले, हे पाहायला सगळी कपाटं उघडावी लागत.

ही गरज आधी संरक्षण खात्यांना भासली. 1968 च्या अमेरिकी मिल-एसटीडी-480 मानकात बदलांचे दोन वर्ग होते. कामगिरी, जुळणी, अदलाबदल, किंमत यांवर परिणाम करणारा बदल पहिल्या वर्गाचा, त्याला ग्राहकाची आगाऊ मंजुरी हवी. ड्रॉइंगमधली शब्दांची दुरुस्ती दुसऱ्या वर्गाची. आपल्याकडे आयुध निर्माणीला माल पुरवणाऱ्यांना याचंच भारतीय रूप ओळखीचं आहे: एएचएसपी, म्हणजे सील्ड पर्टिक्युलर्स (मालाची मंजूर मूळ ड्रॉइंग आणि तपशील) सांभाळणारं प्राधिकरण. त्याच्या मंजुरीशिवाय कारखानदार ड्रॉइंगमधलं एक माप बदलू शकत नाही.

आयएसओ 9001 हे मानक 1987 मध्ये आलं, त्यात कागदपत्रांच्या चालू रेव्हिजनची मास्टर लिस्ट ठेवण्याची अपेक्षा होती. छोट्या कारखान्यांत बदलांचं रजिस्टर ठेवायची सवय बऱ्याच प्रमाणात इथून लागली, आणि ही मोलाची सवय आहे. पण मास्टर लिस्ट सांगते की आता रेव्हिजन सी चालू आहे. सी कोणत्या नगापासून लागू झाली, हे ती सांगत नाही. तक्रार आलेलं मशिन बी चं की सी चं, हे त्या यादीवरून कळतच नाही.

1982 मध्ये ऑटोकॅड आलं आणि खरवडणं संपलं, पण जुनी फाइल मिटवून त्याच नावाने नवी ठेवण्याची खोड लागली. रजिस्टर एक्सेलमध्ये गेलं. तिथे 0045 चं 45 होतं, 3-12 हा पार्ट नंबर तारीख बनतो, 12ई5 चा घातांकातला आकडा होतो. म्हणून पार्ट नंबरचा रकाना टाइप करण्याआधीच टेक्स्ट करून ठेवावा लागतो. क्रमवारी लावली की ईसीओ-10 हा ईसीओ-2 च्या आधी येतो; त्यासाठी सुरुवातीपासून ईसीओ-0002 असे चार अंकी क्रमांक द्यावेत. याहून मोठी चूक म्हणजे एका ओळीत एक ईसीओ आणि बाधित पार्ट स्वल्पविराम देऊन एकाच खान्यात. मग 'या पार्टवर आजवर कोणते बदल झाले?' याचं उत्तर फिल्टर लावून नीट मिळत नाही.

डेटाबेसवर चालणाऱ्या सॉफ्टवेअरने हीच गाठ सोडवली. एका टेबलात ईसीओ: क्रमांक, कारण, कोणी मागितला, कोणी मंजूर केला, स्थिती. दुसऱ्यात बाधित पार्ट: पार्ट नंबर, जुनी आणि नवी रेव्हिजन, उरलेला साठा वापरायचा, रिवर्क करायचा की स्क्रॅप, आणि कोणत्या अनुक्रमांकापासून किंवा तारखेपासून लागू. सॅप या मोठ्या कंपन्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चेंज मास्टरमध्येही (बदलाच्या मुख्य नोंदीतही) 'या तारखेपासून लागू' हा रकाना असतो तो याचसाठी. आमच्या मते सॉफ्टवेअर निवडताना आधी हे दुसरं टेबल बघावं. रंगीत आलेख नंतर.

मंजुरीची तारीख आणि अंमलाची तारीख हे दोन रकाने वेगळेच हवेत. वरच्या ब्रॅकेटची ईसीओ आज रिलीज झाली आणि 240 नगांवर 14 चं ड्रिल मारायचं ठरलं, तर जिग बदलून पहिला नग तपासला जाईपर्यंत तिची स्थिती 'रिलीज्ड, अंमल बाकी' अशीच दिसली पाहिजे. सोमवारच्या बैठकीत याच स्थितीच्या ओळी काढाव्यात, सगळ्यात जुनी वर. ज्या ओळीत अंमलाची तारीख आहे पण अनुक्रमांक कोरा आहे, ती बंद करू नये. डिस्पॅचच्या नोंदवहीतून पहिल्या मशिनचा नंबर काढून आधी तो भरावा.