बाजू संपेपर्यंत : अ‍ॅम्बियंट संगीत आणि एलपीची पार्श्वभूमी

ब्रिटिश संगीतकार ब्रायन ईनोच्या ‘म्युझिक फॉर एअरपोर्ट्स’ या रेकॉर्डवरच्या चार रचनांना नावं नाहीत, नुसते आकडे आहेत : १/१, २/१, १/२, २/२. पहिला आकडा रचनेचा, दुसरा तबकडीच्या बाजूचा. म्हणजे २/१ ही पहिल्या बाजूवरची दुसरी रचना. हेच संगीत मोबाइलवर ऐकणाऱ्याला हे आकडे कोड्यासारखे वाटतात, कारण ज्या वस्तूवरून ते पडले ती वस्तूच त्याच्यासमोर नसते. अ‍ॅम्बियंट संगीत, म्हणजे खोलीच्या वातावरणाचा भाग होऊन मागे वाजत राहणारं संगीत, सिंथेसायझर आणि टेपमधून जन्मलं हे खरंच आहे. पण त्याला आकार दिला तो एलपीच्या, म्हणजे लांब वाजणाऱ्या तबकडीच्या, एका बाजूने, असं माझं ठाम मत आहे. आणि लोक आजही ते तबकडीवर का गोळा करतात, याचं उत्तरही तिथेच सापडतं.

कल्पना जुनी आहे. फ्रेंच संगीतकार एरिक साती याने १९१७ मध्ये ‘फर्निचर संगीत’ हा शब्द वापरला : खोलीत टेबल-खुर्ची असते तसं असणारं, मुद्दाम लक्ष देऊन ऐकायची गरज नसलेलं संगीत. १९२० मध्ये पॅरिसमधल्या एका कलादालनात ते मध्यंतरात वाजवलं गेलं, तेव्हा श्रोते सवयीने गप्प बसून ऐकू लागले आणि साती त्यांना ‘बोला, फिरा, ऐकू नका’ म्हणून विनवत राहिला, असं त्याचा सहकारी दारियुस मियो याने लिहून ठेवलं आहे. असं संगीत घरात आणायचं तर त्या काळी साधन होतं ७८ फेऱ्यांच्या लाखेच्या तबकडीचं. तिची एक बाजू तीन ते पाच मिनिटांत संपायची. विसरून जावं असं संगीत तीन मिनिटांत कसं विसरणार?

१९४८ साली दोन गोष्टी घडल्या. जूनमध्ये न्यूयॉर्कला कोलंबिया कंपनीने एलपी जाहीर केली : व्हायनिलची, बारीक खाचेची, मिनिटाला ३३⅓ फेरे, एका बाजूला वीस मिनिटांहून जास्त संगीत. ऑक्टोबरमध्ये फ्रेंच रेडिओवर पियेर शेफेरच्या आवाजांच्या रचना प्रसारित झाल्या. रेल्वे इंजिनं आणि डब्यांची खडखड मुद्रित करून त्याने त्या जोडल्या होत्या. टेप अजून त्याच्या हाताशी नव्हती, म्हणून तो तबकडीवर बंद खाच कोरून घ्यायचा. सुई आत सरकण्याऐवजी एकाच वर्तुळात फिरत राहायची आणि आवाजाचा तोच तुकडा पुन्हा पुन्हा वाजायचा. आज ज्याला लूप म्हणतात तो आधी असा तबकडीत सापडला, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. एकाच वर्षी एकीकडे तबकडी लांब झाली आणि दुसरीकडे तिच्यातून न संपणारा आवाज काढता येतो हे कळलं.

लांबीची किंमत मात्र मोजावी लागते. एलपीवरची खाच ही एकच सलग नागमोडी रेघ असते. आवाज मोठा किंवा खर्ज भारी असला की खाच जास्त हेलकावते आणि शेजारच्या फेऱ्यापासून लांब ठेवावी लागते. तीस मिनिटांची बाजू म्हणजे बरोबर एक हजार फेरे. एवढे फेरे बसवायचे तर आवाज हळू कोरावा लागतो. हळू कोरला की सुईची स्वतःची खरखर तुलनेने वर येते. त्यात तबकडीच्या कडेला खाच सुईखालून सेकंदाला साधारण ५० सेंटीमीटर सरकते, तर लेबलाजवळ २१ सेंटीमीटर. त्यामुळे आत जाता जाता वरचे सूर बोथट होतात. रॉकच्या रेकॉर्डला या गोष्टी छळतात. पण जे संगीत मुळातच दबक्या आवाजाचं, संथ आणि शेवटाकडे विरत जाणारं आहे, त्याला ही बंधनं तितकी बोचत नाहीत.

हे जर्मन संगीतकारांनी आधी ओळखलं. टँजरीन ड्रीमचा १९७२ चा ‘त्साइट’ दोन तबकड्यांचा आहे, चार बाजू आणि चारच रचना. त्याच वर्षी अमेरिकेत वेंडी कार्लोसने ‘सॉनिक सीझनिंग्ज’मध्ये एकेका बाजूला एकेक ऋतू दिला. क्लाउस शुल्झेच्या १९७५ च्या ‘टाइमविंड’ची एक बाजू तीस मिनिटांची, दुसरीही जवळपास तेवढीच. बाजू हेच इथे रचनेचं माप झालं होतं.

मग ईनो. जानेवारी १९७५ मध्ये झालेल्या अपघातानंतर तो अंथरुणाला खिळून होता. एका मैत्रिणीने अठराव्या शतकातल्या हार्पच्या संगीताची रेकॉर्ड आणून दिली. ती गेल्यावर त्याने कशीबशी ती लावली आणि आडवा झाल्यावर लक्षात आलं की आवाज अगदीच बारीक आहे आणि एक स्पीकर बंदच आहे. उठायची ताकद नव्हती. बाहेर पाऊस पडत होता. पावसाचा आवाज आणि खोलीतला उजेड यांच्यासारखंच ते संगीतही खोलीचा एक भाग होऊन गेलं. त्याच वर्षीच्या ‘डिस्क्रीट म्युझिक’च्या कव्हरवर त्याने हे स्वतः लिहिलं आहे. त्याची पहिली बाजू म्हणजे एकच रचना, ३० मिनिटं ३५ सेकंदांची, बाजूवर जेमतेम मावेल एवढी. ती ऐकू येईल-न येईल इतक्या आवाजात लावा, असंही त्याने तिथेच सुचवलं आहे. हा प्रसंग नेहमी संगीताच्या संदर्भात सांगितला जातो. मला त्यात घरातला एक रेकॉर्ड प्लेयर दिसतो, ज्याच्यापाशी उठून जाणं शक्य नाही.

‘म्युझिक फॉर एअरपोर्ट्स’ १९७८ चं काम. त्यात वेगवेगळ्या लांबीच्या टेपची वेटोळी एकाच वेळी फिरतात, त्यामुळे सुरांची गाठ दर वेळी नव्या जागी पडते. ही यंत्रणा चालू ठेवली तर दिवसेंदिवस चालेल. एलपी तिच्यातून एक तुकडा कापून घेते. तो कुठे कापायचा, हे ठरवणं हेच इथे संगीतकाराचं काम ठरलं. ‘अ‍ॅम्बियंट’ हे नाव याच रेकॉर्डपासून रूढ झालं आणि चार तबकड्यांची मालिका १९८२ च्या ‘ऑन लँड’पर्यंत गेली.

जपानमध्ये याला ‘कान्क्यो ओंगाकु’, म्हणजे परिसराचं संगीत, हे नाव मिळालं. सातोशी आशिकावा याने साउंड प्रोसेस नावाची छोटी रेकॉर्ड कंपनी काढली. तिच्याकडून १९८२ मध्ये हिरोशी योशिमुराची ‘म्युझिक फॉर नाइन पोस्टकार्ड्स’ आली. ती टोकियोच्या हारा संग्रहालयात वाजायची आणि तिथे आलेले लोक ‘हे मिळेल कुठे?’ असं विचारायचे. १९८६ ची ‘सराउंड’ तर योशिमुराने एका घरबांधणी कंपनीसाठी केली. इतकं नितळ संगीत इतक्या साध्या कामासाठी केलं गेलं होतं, आणि प्रतीही फार निघाल्या नव्हत्या. योशिमुरा २००३ मध्ये वारला. त्याचं संगीत जगभर ऐकलं जाऊ लागलं ते त्यानंतर कितीतरी वर्षांनी.

सीडी आली आणि बाजूच गेली. ईनोने १९८५ मध्ये ‘थर्सडे आफ्टरनून’ ही ६१ मिनिटांची सलग रचना खास सीडीसाठी केली. खरखर नाही, मध्ये उठणं नाही. उलट टोकाला मानुएल ग्यॉट्शिंगची ‘ई२-ई४’. १९८१ मध्ये एका बैठकीत वाजवलेलं, साधारण तासाभराचं हे सलग वादन १९८४ मध्ये एलपीवर आलं तेव्हा मधोमध तोडावं लागलं. नव्वदीत लंडनच्या क्लबांमधल्या चिल-आउट, म्हणजे नाचून दमलेल्यांनी विसावायच्या, खोल्यांतून अ‍ॅम्बियंट पुन्हा वर आलं, पण तोवर माप बदललं होतं. ग्लोबल कम्युनिकेशनच्या १९९४ च्या अल्बमचं नावच ‘७६:१४’ आहे, आणि आतल्या रचनांची नावं म्हणजे त्यांच्या लांब्या. ईनोचे आकडे तबकडी बघून सुचलेले, हे आकडे सीडी प्लेयरच्या पडद्यावरचे.

तबकडी सुटली मात्र नाही. एफेक्स ट्विनच्या ‘सिलेक्टेड अ‍ॅम्बियंट वर्क्स व्हॉल्यूम २’मधली ‘स्टोन इन फोकस’ ही रचना त्याच वर्षी व्हायनिलवर होती आणि सीडीवर नव्हती. अशा एकेका रचनेपायी माणसं संग्राहक झाली. २००० मध्ये सुरू झालेलं डिस्कॉग्ज हे संकेतस्थळ आधी फक्त इलेक्ट्रॉनिक संगीताच्या तबकड्यांची नोंदवही होतं. लेबलाभोवतीच्या कोऱ्या पट्ट्यात कोरलेला क्रमांक वाचून आवृत्ती ओळखायची सवय त्याने हजारो लोकांना लावली. २०१७ मध्ये योशिमुराची ‘नाइन पोस्टकार्ड्स’ आणि मिदोरी ताकादाची १९८३ ची ‘थ्रू द लुकिंग ग्लास’ नव्याने व्हायनिलवर निघाली. ताकादाची रेकॉर्ड तोवर यूट्यूबवर लाखोंनी ऐकली होती, आणि ऐकलेल्यांना ती हातात हवी होती.

या संगीताचा संग्राहक इतरांपेक्षा जास्त चिकित्सक असतो, आणि ते योग्यच आहे. गिटारच्या गोंगाटात एखादी तडतड बुडून जाते. ईनोच्या दोन सुरांमधल्या मोकळ्या जागेत तीच तडतड खोलीभर होते. म्हणून खरखर न करणारी छपाई, नीट धुतलेली खाच आणि चांगली सुई यांवर इतकी चर्चा चालते.

त्यातूनच एक जुना वाद उभा राहतो. २०१८ मध्ये ईनोच्या अ‍ॅम्बियंट रेकॉर्डी ४५ फेऱ्यांच्या जोड-तबकड्यांवरही काढल्या गेल्या. ४५ च्या वेगाने खाच जास्त मोकळी मिळते, आवाज भरदार येतो, खरखर मागे पडते. पण तीस मिनिटांची रचना ४५ च्या एका बाजूवर मावत नाही, ती मध्येच तोडावी लागते. ‘डिस्क्रीट म्युझिक’ सुचलं तेच मुळी माणसाला उठता येत नव्हतं म्हणून. ते ऐकताना मध्येच उठून बाजू पालटावी लागणं मला मान्य नाही. माझ्याकडे ते एकाच तबकडीवर आहे : आवाज दबका, शेवटच्या पाच मिनिटांत वरचे सूर जरा धुरकट, आणि हजार फेरे होईपर्यंत सुईला हात लावावा लागत नाही.