बांधकामातलं डिजिटल तंत्रज्ञान

इमारत असो, पूल असो की बोगदा, आधी तो कॉम्प्युटरमध्ये अख्खा उभा करायचा आणि मगच साइटवर हात घालायचा, अशी ही पद्धत आहे. हिचं पूर्ण नाव बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग, पण तोंडी सगळे बीआयएमच म्हणतात. ड्रोन, लेझर स्कॅनर, थ्रीडी प्रिंटिंग, रोबो हे सगळं याच मॉडेलभोवती फिरतं.

साध्या ड्रॉइंगमध्ये भिंत म्हणजे दोन रेघा, बस. मॉडेलमधल्या भिंतीसोबत मात्र ती विटांची की काँक्रीटची, जाडी किती, आतून कुठला पाइप जातोय हे सगळं साठवलेलं असतं, त्यामुळे एक खिडकी सरकवली की प्लॅन, सेक्शन (उभा छेद), मालाचा हिशोब आपोआप बदलतो. खरा फायदा क्लॅश डिटेक्शनचा, म्हणजे कुठली गोष्ट कशाला आडवी येतेय ते आधीच पकडायचा. आर्किटेक्टचं, स्ट्रक्चरवाल्याचं, एसीवाल्याचं, प्लंबिंगचं अशी मॉडेल्स एकावर एक ठेवली की एसीच्या हवेचा डक्ट नेमका बीममधून आरपार चाललाय हे स्क्रीनवरच दिसतं, नाहीतर ते कळतं स्लॅब टाकून झाल्यावर, आणि मग तोडफोड, भांडणं, एक्स्ट्रा बिलं. मॉडेलला वेळापत्रक जोडलं की फोरडी, खर्च जोडला की फाइव्हडी. त्यापुढच्या सिक्सडी-सेव्हनडीचा अर्थ ज्याचा त्याचा वेगळा, त्यात फार पडू नये.

कल्पना काही नवी नाही. १९६३ ला एमआयटीत आयव्हन सदरलँड यांनी स्केचपॅड हा स्क्रीनवर ड्रॉइंग काढायचा प्रोग्रॅम बनवला, सत्तरच्या दशकात चार्ल्स ईस्टमन यांनी इमारतीचं वर्णनच कॉम्प्युटरमध्ये साठवायचा विचार मांडला. १९८२ ला ऑटोकॅड हे ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर आलं, पण तिथेही शेवटी रेघाच, फक्त कागदाऐवजी स्क्रीनवर. आर्किटेक्ट फ्रँक गेरी यांच्या ऑफिसने स्पेनमधल्या बिल्बाओच्या गुगेनहाइम म्युझियमसाठी (१९९७) विमानं डिझाइन करायचं कॅटिया सॉफ्टवेअर वापरलं, कारण तसल्या वाकड्यातिकड्या पत्र्यांचं माप कागदावर काढणार कसं! रेव्हिट हे बीआयएमचं सॉफ्टवेअर २००० मध्ये आलं. ब्रिटन सरकारने २०१६ पासून केंद्र सरकारच्या प्रकल्पांना बीआयएम सक्तीचं केलं, आणि २०१८ मध्ये आयएसओ १९६५० हे बीआयएमचं आंतरराष्ट्रीय मानक आलं.

एवढं असूनही हा धंदा मागेच आहे. मॅकिन्झी या सल्लागार कंपनीच्या २०१७ च्या अहवालानुसार आधीच्या दोन दशकांत बांधकामाची उत्पादकता वर्षाला जेमतेम १ टक्का वाढली, एकूण जागतिक अर्थव्यवस्थेची २.८ टक्के. सॉफ्टवेअर कमी पडतंय असं नाही, घोडं वेगळ्याच ठिकाणी अडतंय. प्रत्येक काम नवीन जागेवर, नवीन टीमबरोबर, कॉन्ट्रॅक्टरखाली सबकॉन्ट्रॅक्टर, त्याच्याखाली अजून एक, नफा बारीक, आणि मॉडेल बनवायचा खर्च डिझायनरने करायचा पण फायदा पुढच्याला. त्यात बऱ्याच करारांत सही-शिक्क्याचं ड्रॉइंगच खरं धरतात आणि मॉडेल फक्त माहितीसाठी, मग ते अपडेट ठेवणार कोण?

पुढे काय येतंय त्याची झलक मात्र दिसायला लागलीय. पॅरिसच्या नोत्रदामला एप्रिल २०१९ मध्ये आग लागली, त्याच्या काही वर्षं आधी अँड्र्यू टॅलन या कला-इतिहासकाराने ते चर्च लेझरने स्कॅन करून ठेवलं होतं. ते स्वतः २०१८ लाच गेले, पण त्यांचा डेटा दुरुस्तीच्या कामी आला आणि डिसेंबर २०२४ मध्ये चर्च परत उघडलं. २०२१ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला रोबोंनी प्रिंट केलेला स्टीलचा पादचारी पूल बसवला, त्यावर सेन्सर लावून त्याचा डिजिटल ट्विन म्हणजे कॉम्प्युटरमधला जुळा भाऊही ठेवला. प्रिंटेड घरांचा गाजावाजा मात्र जरा जास्तच होतो, कारण मशीन मुख्यतः भिंती उभ्या करतं, वायरिंग, प्लंबिंग, फिनिशिंग बहुतेक माणसंच करतात.

एक अडचण फार कमी लोक बोलतात. इमारत पन्नास-शंभर वर्षं उभी राहते, आणि सॉफ्टवेअरची व्हर्जन वर्षाला बदलते, म्हणजे आजची फाइल तीस वर्षांनी दुरुस्ती करणाऱ्याला उघडता येईलच असं नाही. म्हणून आयएफसी नावाचा खुला फॉरमॅट आहे, तो २०१३ पासून आयएसओ मानक आहे, पण एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात नेताना काही ना काही माहिती अजूनही गळतेच.