शालोम

शालोम हा भेटताना, निरोप घेताना आणि खुशाली विचारताना वापरला जाणारा हिब्रू शब्द. तो शिन, लामेद, वाव, मेम या चार अक्षरांनी उजवीकडून डावीकडे लिहितात. बोलताना जोर 'लोम'वर पडतो. मराठीत त्याचा अर्थ 'शांती' असा देतात, पण तो अपुरा आहे. 'इकडील सर्व क्षेम' असे जुन्या पत्रांत लिहीत, त्यातला 'क्षेम' शालोमच्या अधिक जवळचा.

शब्दाचे मूळ श-ल-म या तीन व्यंजनांत, आणि त्याचा गाभा अखंडपणाचा. 'शालेम' म्हणजे सबंध, काही उणे नसलेले. 'शिलेम' म्हणजे पैसे चुकते केले. देणे फिटले की खाते पुरे होते, म्हणून दुकानातला हिशेब आणि मनाची स्वस्थता एकाच धातूतून येतात. बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाच्या २२ व्या अध्यायात चोराने भरपाई करावी असे सांगताना हेच क्रियापद आहे.

बायबलमध्येच याकोब आपला मामा लाबान याच्याविषयी मेंढपाळांना विचारतो, 'त्याला शालोम आहे ना?' म्हणजे तो खुशाल आहे ना? दुसरे शमुवेल या पुस्तकाच्या ११ व्या अध्यायात तर राजा दावीद आपला सैनिक उरिया याच्याकडे 'युद्धाच्या शालोम'ची चौकशी करतो. इथे 'युद्धाची शांती' म्हणून भागत नाही. लढाईचे कसे काय चालले आहे, एवढेच त्याला विचारायचे आहे.

तोराच्या, म्हणजे बायबलच्या पहिल्या पाच पुस्तकांच्या, हस्तलिखित गुंडाळीत या शब्दाची एक जागा मुद्दाम पाहण्यासारखी आहे. गणना या पुस्तकात (२५:१२) पिनहास या याजकाला 'शालोमचा करार' मिळतो, आणि तिथला वाव लेखनिक मधोमध तोडून लिहितात. उभ्या रेघेत बारीक फट राहते. पिनहासने भाल्याने दोघांना मारले होते. रक्त सांडून आलेले शालोम अखंड नसते, असा अर्थ अनेक भाष्यकार त्या फटीतून काढतात. तालमूद या ज्यू धर्मचर्चेच्या ग्रंथात शालोम हे देवाचेच एक नाव मानले आहे, म्हणून न्हाणीघरात या शब्दाने अभिवादन करू नये असे सांगितले आहे.

'शालोम अलेखेम' (तुम्हांला शालोम असो) याला उत्तर उलट क्रमाने, 'अलेखेम शालोम'. अरबीतला सलाम याच्याच नात्यातला. आजच्या हिब्रूत पुरुषाला 'मा श्लोमखा?' आणि स्त्रीला 'मा श्लोमेख?' विचारतात, आपल्या 'कसा आहेस?', 'कशी आहेस?'सारखेच. 'श्लोम बायित' म्हणजे घरातला, विशेषतः नवराबायकोतला सलोखा. दिवंगत पुरुषाच्या नावापुढे 'अलाव हाशालोम' जोडतात.

महाराष्ट्रात हा शब्द बेने इस्राएल या ज्यू समाजाच्या तोंडी आहे. कोकण किनाऱ्यावरच्या या समाजाची घरची भाषा मराठी, पण शब्बाथच्या, म्हणजे शनिवारच्या विश्रांतिदिवसाच्या, शुभेच्छा हिब्रूतच: 'शब्बाथ शालोम'.