पहिला खड्डा कुठं काढायचा: मुलांच्या गेममधल्या नकाशाची पार्श्वभूमी

मे महिन्याच्या सुट्टीत भाची शिवाजी पेठेत आमच्याकडं राहायला आली होती. तिला संगणकावर स्वतःचा गेम करायचा होता आणि गेममध्ये पन्हाळा हवा होता. गणिताच्या चौकटीच्या वहीची चार पानं तिनं शेजारी शेजारी चिकटवली. काळी चौकट म्हणजे दगड, निळी म्हणजे पाणी, फुली म्हणजे शत्रू. दुपारभर बसून तिनं डावीकडून उजवीकडं जाणारी वाट काढली. पहिल्याच पानावर, मावळा उभा असतो तिथून चार चौकटींवर, एक खोल खड्डा होता.

"सुरुवातीलाच खड्डा?" मी विचारलं.

"मामा, उडी मारायची असती हे कळाय नको व्हय?"

तिचं म्हणणं निम्मं बरोबर होतं. उडी मारायला शिकवायचं ते नकाशानंच, पडद्यावर सूचना लिहून नव्हे, हे तिला कुणी न सांगता उमगलं होतं. पण शिकता शिकताच जीव जाऊ नये, हा उरलेला निम्मा भाग. तो गेम करणाऱ्यांनाही एका दिवसात सापडलेला नाही.

मांडणीतून खेळणाऱ्याला वळण लावायची कल्पना संगणकाहून फार जुनी आहे. आपला मोक्षपटच घ्या. मराठी परंपरा त्याचं श्रेय ज्ञानदेवांना देते. जुन्या पटांपैकी जैनांचे बरेचसे 84 घरांचे, तर वैष्णवांचे 72 घरांचे. घरांना सद्गुण-दुर्गुणांची नावं. शिडी लागली की वरच्या लोकी, सापानं गिळलं की खाली. या पटांवर साप बहुधा शिड्यांपेक्षा जास्त असत. मोक्ष सोपा नाही, हे खेळता खेळता कळायचं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा खेळ इंग्लंडमध्ये गेला, पुढं 100 घरांचा झाला आणि तिथल्या पटांवर साप आणि शिड्या जवळपास बरोबरीत आल्या. दान टाकायची रीत तीच राहिली, पट बदलला आणि खेळ सौम्य झाला. खेळ किती अवघड हे मांडणी ठरवते, याचा इतका स्वच्छ पुरावा मला दुसरीकडं मिळालेला नाही.

संगणकाच्या खेळांना सुरुवातीला नकाशा असा नव्हताच. तोमोहिरो निशिकादो यांच्या 1978 च्या 'स्पेस इन्व्हेडर्स'मध्ये 55 शत्रूंची फळी, खाली चार आडोसे, बाकी काळा पडदा. पुढचा टप्पा म्हणजे तीच फळी, थोडी खालून सुरू होणारी. दोन वर्षांनी तोरू इवातानी यांचा 'पॅकमॅन' आला आणि खेळ मांडणीभोवती फिरू लागला. 28 बाय 31 चौकटींचा चक्रव्यूह, त्यात पॅकमॅननं गिळायचे 240 लहान ठिपके आणि कोपऱ्यांजवळ चार मोठे. ते मोठे ठिपके कोपऱ्यांत आहेत म्हणूनच खेळणारा पाठलाग करणाऱ्या भुतांना चुकवत दूरवर जातो. दोन्ही बाजूंच्या बोगद्यात भुतांचा वेग कमी होतो, पॅकमॅनचा होत नाही. हे कुठं लिहिलेलं नसतं. चार-पाच वेळा खेळलं की मूल आपोआप बोगद्याकडं पळायला लागतं.

नकाशा चौकटींचाच का, याचं कारण यंत्रात आहे. 1983 मध्ये जपानमध्ये आलेल्या निन्टेंडोच्या घरगुती यंत्राचा पडदा 256 बाय 240 ठिपक्यांचा (म्हणजे पिक्सेलचा) होता. तेवढं चित्र ठिपका-ठिपका करून साठवायचं तर 15,360 बाइट लागले असते, आणि चित्रासाठी यंत्रात जागा होती 2 किलोबाइट, म्हणजे 2,048 बाइट. म्हणून 8 बाय 8 ठिपक्यांचे छोटे तुकडे एकदाच करून ठेवायचे आणि पडद्यावर कोणत्या घरात कोणता तुकडा, एवढाच आकडा लिहायचा. 32 बाय 30 घरं, म्हणजे 960 आकडे. या तुकड्याला टाइल म्हणतात, आणि घरातल्या फरशीशी त्याचं साम्य खरंच आहे. नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडून 'कॅसेट' घालून आपण जे खेळ खेळलो, ते डबे बहुतेक याच यंत्राच्या नकला होत्या.

त्या कॅसेटमधला 'सुपर मारिओ ब्रदर्स' 1985 चा. सगळा गेम 40 किलोबाइटचा, आठ जगं आणि प्रत्येकात चार, अशा 32 लेव्हल. ढग आणि झुडूप यांचा आकार एकच आहे, फक्त रंग वेगळा; जागा वाचवायची ती अशी. शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांनी या लेव्हल आधी आलेख कागदावर हातानं काढल्या आणि मग त्या प्रोग्रॅमरकडं गेल्या. वहीची पानं चिकटवणारी मुलगी आणि हे दोघं, कामाची रीत एकच.

या गेमची पहिली लेव्हल नीट बघण्यासारखी आहे. मारिओ डाव्या कडेला उभा आणि उजवीकडं मोकळी जागा, म्हणजे जायचं तिकडंच. थोडं पुढं गेलं की एक शत्रू समोरून चालत येतो. उडी मारली नाही तर मरण, पण खेळ सुरू होऊन काही सेकंदच झालेले असतात, त्यामुळं नुकसान काहीच नाही. प्रश्नचिन्हाच्या ठोकळ्याला खालून धडक दिली की अळिंबी बाहेर पडते, उजवीकडं घरंगळत जाते, नळाला आपटून परत मारिओकडं येते. वर विटा असल्यामुळं तिला चुकवणं अवघड. नवखा खेळणारा घाबरला तरी ती त्याला लागतेच आणि तो मोठा होतो. चांगलं काय, वाईट काय, हे शब्दाविना समजलं. आणि मला सर्वांत आवडणारी जागा शेवटाकडं आहे. दोन जिने समोरासमोर, मध्ये फट. पहिल्या जोडीतल्या फटीत खाली जमीन आहे. पडलं तर परत चढता येतं. लगेच पुढं तशीच दुसरी जोडी, आणि तिच्या फटीत जमीन नाही. सराव आधी, परीक्षा नंतर. पुढच्या लेव्हल आधी करून मग मागं येऊन पहिली करायची, अशी आपली पद्धत असल्याचं मियामोतो यांनीच पुढं सांगितलं. मुलांसाठी गेम करणाऱ्या कुणालाही मी हेच सांगेन: पहिलं पान शेवटी काढा.

नकाशा काढायचं काम खेळणाऱ्याच्या हाती द्यायची सुरुवातही त्याच काळातली. 1983 च्या 'लोड रनर'मध्ये 150 लेव्हल होत्या आणि सोबत स्वतःची लेव्हल रचायचं साधनही. तो करणारा डग्लस स्मिथ वास्तुकलेचा विद्यार्थी होता, हे मला अर्थपूर्ण वाटतं. शिक्षणाच्या बाजूनं 1967 मध्ये 'लोगो' ही संगणकाला सूचना द्यायची मुलांसाठीची भाषा आली, आणि 2007 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीनं 'स्क्रॅच' हे ठोकळे जुळवून प्रोग्रॅम करायचं साधन खुलं केलं. त्याचा रंगमंच 480 बाय 360 ठिपक्यांचा. मूल भिंती एका रंगात रंगवतं आणि 'या रंगाला स्पर्श झाला तर मागं सर' असा एक ठोकळा लावतं. चित्र हाच नकाशा होतो. थोडी मोठी मुलं 'टाइल्ड'सारख्या मोफत प्रोग्रॅममध्ये तुकडे मांडू शकतात.

कोल्हापुरातल्या मुलाला यातलं बरंचसं आधीपासून येत असतं, कारण दिवाळीत ते दारात किल्ला करतं. दगड-विटा रचायच्या, त्यावर गोणपाट, वर मातीचा लेप, हिरवळीसाठी अळीव किंवा मोहरी. मग कुंभार गल्लीतून आणलेले मावळे घेऊन खरी चर्चा सुरू होते. पहारेकरी दारात की बुरुजावर, वाट समोरून की मागून, गुहेतला वाघ दिसायला हवा की दडलेला. लेव्हल रचणारा याहून वेगळं काही करत नाही.

आणि वीसेक किलोमीटरवर खुद्द पन्हाळा. शिलाहार राजा दुसऱ्या भोजाच्या काळापासूनचा, सुमारे 7 किलोमीटर तटबंदीचा हा किल्ला 2025 मध्ये मराठा लष्करी स्थापत्याचा भाग म्हणून जागतिक वारसा यादीत गेला. मुलांना तिथं न्यावं ते वाघ दरवाजा दाखवायला. आत शिरलेला शत्रू लहानशा चौकात कोंडला जावा अशीच त्याची रचना. अंधार बाव तीन मजली; तळाशी पाणी, वर पहारा, तटाबाहेर जायला चोरवाट. वेढा पडला तरी पाणी शत्रूच्या हाती लागू नये म्हणून विहीर वास्तूच्या पोटात दडवलेली. 1660 च्या पावसाळ्यात सिद्दी जौहरच्या वेढ्यातून महाराज राजदिंडी नावाच्या चोरवाटेनं निसटून विशाळगडाकडं निघाले, तो मार्गही बघा. उघड्यावर मूठभरांचं हजारोंपुढं काही चालत नाही. खिंडीत चालतं, कारण तिथं एका वेळी थोडेच पुढं येऊ शकतात. बाजीप्रभूंचं शौर्य त्या अरुंद वाटेशी बांधलेलं आहे.

भाचीला मी मारिओचे ते दोन जिने दाखवले. तिनं ते तीनदा खेळून पाहिले, वही उघडली आणि पहिल्या पानावरच्या खड्ड्याच्या तळाशी काळ्या चौकटींची एक ओळ भरली, कडेला चढायला दोन पायऱ्या काढल्या. तळ नसलेला खड्डा दुसऱ्या पानावर गेला. राजदिंडी तिसऱ्या पानाच्या तळाला आली. चौथ्या पानावर वाट एका चौकटीएवढी अरुंद केली, सगळ्या फुल्या तिच्या डाव्या बाजूला गोळा केल्या आणि मला विचारलं, "मामा, हितं मावळा थांबणार. मग महाराज विशाळगडावर पोचले हे त्याला कळणार कसं?"

"तोफा," मी म्हणालो. तिनं पाचवं पान चिकटवायला घेतलं.