गचाचा न्यायालये

रवांडातील १९९४ च्या वंशसंहाराचे खटले गावोगावी चालविणारी लोकन्यायालये. प्रायोगिक सुरुवात २००२ मध्ये झाली, देशभरातील सुनावण्या २००५ पासून चालल्या आणि जून २०१२ मध्ये ही न्यायालये बंद झाली.

एप्रिल ते जुलै १९९४ या सुमारे शंभर दिवसांत अल्पसंख्य तुत्सी समाजाचे लाखो लोक आणि संहाराला विरोध करणारे बहुसंख्य हुतू समाजातले लोक मारले गेले. मारेकऱ्यांत सैनिक आणि इंटरहाम्वे या हुतू कट्टरपंथीयांच्या सशस्त्र टोळ्या होत्याच, पण बांधाला बांध लागून असलेले शेजारीही होते. न्यायव्यवस्था मोडून पडली होती आणि २००० च्या सुमारास तुरुंगांत एक लाखाहून अधिक कैदी खितपत होते. टांझानियातील अरुशा येथे संयुक्त राष्ट्रांनी नेमलेल्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने एकूण ९३ जणांवर आरोप ठेवले. बाकीच्यांचे खटले नेहमीच्या न्यायालयांत निकाली काढायला शंभराहून अधिक वर्षे लागली असती.

मूळ गचाचा म्हणजे गावातील वडीलधाऱ्यांची बैठक. जमीन, गुरे, घरगुती तंटे तिथे मिटत, भरपाई ठरे आणि शेवटी दोन्ही पक्ष एकत्र मद्य पीत. नव्या गचाचाने तिथली मोकळी जागा आणि सर्वांसमोर बोलण्याची रीत घेतली. कायदा, शिक्षा आणि हजेरीची सक्ती मात्र सरकारची होती. म्हणून तिला निव्वळ परंपरा म्हणणे बरोबर नाही.

सुनावणी सहसा आठवड्यातून एकदा, उघड्यावर होई. सुरुवातीला मृतांसाठी सारे स्तब्ध उभे राहत. लोकांनी निवडलेले न्यायाधीश, म्हणजे इन्यांगामुगायो, खांद्यावरून पट्टा घेऊन बाकावर बसत. त्यांत स्त्रियाही होत्या. जुन्या बैठकीत न्यायनिवाडा पुरुषांकडे असे. नव्या न्यायाधीशांना वेतन नव्हते, कायद्याचे प्रशिक्षणही जुजबी होते. समोर गुलाबी गणवेशातील कैदी. गुन्हा कबूल करणाऱ्याला साथीदारांची नावे, प्रेते कुठे टाकली ते सांगून जाहीर माफी मागावी लागे. त्याबदल्यात शिक्षा घटे आणि तिचा काही भाग रस्ते, घरे बांधण्याच्या समाजसेवेत भोगता येई. कित्येक कुटुंबांना आपल्या माणसांचे अवशेष या कबुल्यांमुळेच सापडले आणि रीतसर दफन करता आले. गचाचाचे सर्वांत मोठे देणे हेच मानावे लागेल.

सुमारे १२,००० न्यायालयांनी १९ लाखांहून अधिक प्रकरणे निकाली काढली. त्यांतील बहुसंख्य लूट आणि मालमत्तेच्या नासधुशीची होती.

दोषही गंभीर होते. आरोपीला वकील मिळत नसे. जुनी वैरे काढण्यासाठी खोटे आरोप झाले, तर काही साक्षीदारांचे खून पडले. बलात्काराची प्रकरणे २००८ नंतर गचाचाकडे आली. सुनावणी बंद दाराआड असली तरी न्यायाधीश गावातलेच असल्याने पीडितांची कुचंबणा झाली. १९९४ मध्ये संहारकर्त्यांना हरवून सत्तेवर आलेल्या, तुत्सींचे वर्चस्व असलेल्या रवांडन पॅट्रिऑटिक फ्रंटच्या सैनिकांनी केलेल्या हत्या या न्यायालयांच्या कक्षेबाहेर ठेवल्या गेल्या. आपले मृत मोजलेच गेले नाहीत, ही अनेक हुतू कुटुंबांची सल त्यामुळे कायम राहिली. वाचलेल्यांना भरपाईही क्वचितच मिळाली, कारण दोषींकडे द्यायला काही नव्हते.

लोक बोलते झाले, पण सगळे बोलले नाहीत. २०१८ मध्ये राजधानी किगालीच्या परिसरात सामूहिक कबरी उघडकीस आल्या आणि त्यांतून हजारो जणांचे अवशेष निघाले.