जीजीभाई बॅरोनेटसी (मुंबई)

जीजीभाई बॅरोनेटसी म्हणजे मुंबईच्या एका पारशी व्यापारी घराण्याला १८५७ मधे मिळालेली ब्रिटिश वंशपरंपरागत पदवी. भारतीय माणसाला मिळालेली ही पहिलीच बॅरोनेटसी. पहिले बॅरोनेट सर जमशेटजी जीजीभाई, म्हणजे ज्यांच्या नावाने जे. जे. हॉस्पिटल आणि जे. जे. स्कूल ऑफ आर्ट आहे तेच.

आधी बॅरोनेट म्हणजे काय ते बघू, कारण आपल्याकडे 'सर' म्हटलं की सगळे एकाच माळेचे मणी समजले जातात. इंग्लंडचा राजा पहिला जेम्स याने १६११ मधे हा प्रकार काढला, आणि कारण सरळ सरळ पैशाचं होतं. आयर्लंडच्या उत्तरेकडच्या अल्स्टर प्रांतात फौज ठेवायची होती, म्हणून ३० सैनिकांचा तीन वर्षांचा खर्च म्हणजे १,०९५ पौंड जो देईल त्याला पदवी. बॅरोनेट हा लॉर्ड नसतो, हाउस ऑफ लॉर्ड्समधे त्याला या पदवीवर जागा मिळत नाही, पण नावामागे सर लागतं आणि तो गेल्यावर ते थोरल्या मुलाकडे जातं. नाइटचं तसं नाही, ती पदवी माणसाबरोबर संपते. फिरोजशाह मेहता सर होते, दोराबजी टाटा सर होते, पण ते नाइट. जीजीभाईंच्या घरात मात्र सर हे वारशातच येतं.

जमशेटजींचा जन्म १७८३ चा. आईवडील लवकर गेले, मग मुंबईत मामा फ्रामजी बाटलीवाला यांच्याकडे धंद्यात लागले (मामा पुढे सासरे झाले) आणि चीनच्या वाऱ्या सुरू केल्या. १८०५ मधे 'ब्रन्सविक' जहाजावर असताना फ्रेंचांनी जहाज पकडलं आणि हे थेट केप ऑफ गुड होपला पोचले, पण त्याच जहाजावर विल्यम जार्डिन नावाचा तरुण डॉक्टर होता आणि ती ओळख पुढे लाखमोलाची ठरली, कारण हाच जार्डिन नंतर जार्डिन मॅथेसन कंपनीचा मालक झाला आणि मुंबईहून त्यांना माल पुरवणाऱ्यांत जमशेटजी सगळ्यात मोठे. माल म्हणजे कापूस आणि अफू. हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही, मुंबईच्या कित्येक देखण्या इमारतींच्या पायात माळव्याची अफू आहे. १८४२ मधे जमशेटजी नाइट झाले, हा मान मिळालेले पहिले भारतीय, आणि त्याच वर्षी नानकिंगचा तह होऊन ब्रिटन आणि चीनमधलं पहिलं अफूयुद्ध संपलं.

दानधर्म मात्र खराच अफाट होता. हॉस्पिटल, आर्ट स्कूल, पारशी मुलांसाठी शाळा, मुंबईचा पांजरपोळ, पुण्याला पाणी मिळावं म्हणून मुळा-मुठेवरचा बंधारा (बंडगार्डनमधला 'बंड' तो हाच). माहीम आणि वांद्रे यांच्यामधल्या खाडीवर रस्ता बांधायला सरकार पैसे देईना तेव्हा त्यांच्या पत्नी आवाबाईंनी १,५७,००० रुपये दिले, अट एकच, टोल घ्यायचा नाही. माहीम-दादरचा लेडी जमशेटजी रोड यांच्याच नावाचा, पण एल. जे. रोडवर रोज ट्रॅफिकमधे अडकणाऱ्या किती जणांना हे माहीत असेल शंकाच आहे.

१८५७ मधे, म्हणजे उत्तरेत उठाव पेटला त्याच वर्षी, बॅरोनेटसी मिळाली. आणि इथे खरी गंमत सुरू झाली, कारण ही पदवी इंग्रजी घराच्या मापाने शिवलेली होती. पहिला प्रश्न इस्टेटीचा. तिकडे थोरला मुलगा बहुतेक सगळं घेतो, पारशी घरात वाटण्या होतात, म्हणजे दोनतीन पिढ्यांनी सर तर आहे पण खिसा रिकामा अशी वेळ यायची. दुसरा नावाचा. पारशी माणूस स्वतःच्या नावापुढे बापाचं नाव लावणार, ते प्रत्येक पिढीत बदलणार, मग पदवीचं घराणं ओळखायचं कशावरून?

यावर उपाय म्हणून १८६० मधे कलकत्त्याच्या लेजिस्लेटिव्ह कौन्सिलने एका कुटुंबासाठी खास कायदाच केला. २५ लाखांचे सरकारी रोखे आणि माझगाव कॅसल हा बंगला ट्रस्टमधे बांधून टाकला, हे सगळं जो बॅरोनेट असेल त्याच्या दिमतीला. आणि जो कोणी पदवीवर येईल त्याने जमशेटजी जीजीभाई हेच नाव घ्यायचं. जमशेटजी १८५९ मधे वारले, थोरले चिरंजीव कर्सेटजी बॅरोनेट झाले आणि कर्सेटजीचे जमशेटजी झाले. पुढे माणेकजी, मग १८९८ मधे त्यांचे भाऊ कावसजी, मग रुस्तमजी, सगळ्यांचं तेच. त्यामुळे जुनी कागदपत्रं वाचताना सर जमशेटजी दिसले की आधी साल बघायचं, नाहीतर १८५९ मधे गेलेला माणूस १९०० सालात सभेचा अध्यक्ष म्हणून भेटतो. १९१५ मधे हा कायदा नव्याने केला गेला.

हाच साचा पुढे इतरांनाही लागला. दिनशा माणेकजी पेटिट (१८९०) या गिरणीमालकांसाठी १८९३ चा कायदा. त्यांचा वारस ठरलेला मुलगा फ्रामजी आधीच वारला, म्हणून १९०१ मधे नातू आला आणि तोही दिनशा माणेकजी पेटिट झाला. रत्तनबाई या दुसऱ्या दिनशांची मुलगी, तिने १९१८ मधे वडिलांच्या विरोधात जाऊन जिनांशी लग्न केलं. जहांगीर घराण्याला १९०८ मधे मिळाली (जहांगीर आर्ट गॅलरी दुसऱ्या बॅरोनेटच्या देणगीतली), करीमभाई इब्राहिमना १९१० मधे, आणि अहमदाबादचे चिनुभाई माधवलाल १९१३ मधे पहिले हिंदू बॅरोनेट झाले. बगदादी ज्यू घराण्यांच्या मात्र संपल्या, मुंबईच्या जेकब ससूनची १९६१ ला आणि ससून डेव्हिडची १९६४ ला, मुलगा वारस नाही म्हणून.

स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेच्या कलम १८ ने भारतीय नागरिकाला परक्या देशाची पदवी घ्यायला बंदी केली, त्यामुळे नवीन बॅरोनेट होण्याचा विषयच संपला. जीजीभाईंची जुनी पदवी ब्रिटिश यादीत मात्र चालूच राहिली. २००६ मधे सातवे बॅरोनेट वारले आणि ती आठव्यांकडे गेली.